मुलांच्या गळ्यातील गाठ आणि सोनोग्राफी

मुलाच्या गळ्यावर गाठ दिसली की ‘घसा सुजला असेल, उतरेल आपोआप’ असा समज होणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. मात्र गाठ गळ्याच्या मध्यभागी, कंठमण्याच्या खाली असेल आणि आवंढा गिळताना वर-खाली सरकत असेल, तर ती थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथीची असण्याची शक्यता मोठी असते. बोर्ली पंचतनसारख्या रायगडच्या किनाऱ्यावरील गावातून विशेषज्ञाकडे जायचे म्हणजे अलिबाग किंवा मुंबईचा प्रवास आला. म्हणूनच कोणत्या मुलाला तपासणीसाठी न्यायचे आणि कोणाला नाही, हे जाणून घेणे महत्त्वाचे ठरते.

मुलांमध्ये थायरॉइडच्या गाठी मोठ्या माणसांच्या तुलनेत विरळ असतात. पण असलेली गाठ कर्करोगाची निघण्याचे प्रमाण मात्र अधिक असते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांत हे प्रमाण ५ ते १० टक्के, तर मुलांत २२ ते २६ टक्के आहे. हा कर्करोग बहुतांशी ‘पॅपिलरी’ प्रकारचा असतो. मुलांमध्ये तो मानेतील लसिका ग्रंथींत लवकर पसरतो. तरीही योग्य उपचारांनी ९५ टक्क्यांहून अधिक मुले वाचतात.

सोनोग्राफी काय सांगते?

सोनोग्राफीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मानेत सोडल्या जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. त्यात किरणोत्साराचा धोका नाही, भूल द्यावी लागत नाही आणि दोन-तीन मिलिमीटरची गाठही दिसू शकते. गाठ घन आहे की द्रवाने भरलेली, तिच्या कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत कॅल्शियमचे बारीक कण आहेत का, ती रुंदीपेक्षा उंच आहे का आणि शेजारच्या लसिका ग्रंथी बदलल्या आहेत का, हे डॉक्टर पाहतात. काही मुलांत स्वतंत्र गाठ न दिसता संपूर्ण ग्रंथीतच असे कण विखुरलेले असतात. तीही धोक्याची खूण आहे.

मात्र सोनोग्राफी संशय व्यक्त करते, निदान करीत नाही. त्यासाठी सोनोग्राफीच्याच आधाराने बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या तपासणीला ‘एफएनएसी’ म्हणतात. मुलांमध्ये ग्रंथीचा आकार वयानुसार बदलतो. त्यामुळे गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान आहे, एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

मग सगळ्यांचीच तपासणी का नको?

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल दुर्घटना घडली. बाहेर पडलेले किरणोत्सारी आयोडीन दुधावाटे मुलांच्या शरीरात गेले आणि पुढे बेलारूस, युक्रेन व रशियात मुलांमधील थायरॉइड कर्करोग वाढला. तो अनुभव लक्षात घेऊन २०११ च्या दुर्घटनेनंतर जपानच्या फुकुशिमा प्रांतात सुमारे तीन लाख मुलांची सोनोग्राफी झाली. पहिल्या फेरीतच ११६ जणांत कर्करोग किंवा त्याचा संशय आढळला. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही वाढ किरणोत्सारामुळे नव्हे, तर अतिसंवेदनशील तपासणीमुळे दिसली असावी, असा निष्कर्ष काढला. फुकुशिमापासून दूरच्या तीन प्रांतांतील ४,३६५ मुले तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांच्या ग्रंथीत लहानसहान द्रवपिशव्या सापडल्या होत्या.

ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्या शोधल्या तर मुलाला विनाकारण शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. ग्रंथी पूर्ण काढल्यास आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. आवाजाच्या नसेला किंवा कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींना इजा होण्याचा धोका वेगळाच. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये, अणुदुर्घटनेनंतरही सरसकट थायरॉइड तपासणी करू नये, अशी शिफारस केली.

तपासणी कोणाची?

गळ्यात गाठ जाणवणे, मानेच्या बाजूच्या ग्रंथी दीर्घकाळ सुजलेल्या राहणे, कारणाविना आवाज घोगरा होणे किंवा गिळताना अडथळा येणे, अशा वेळी सोनोग्राफी अवश्य करावी. पूर्वी कर्करोगासाठी मानेवर रेडिएशन घेतलेल्या आणि घराण्यात थायरॉइड कर्करोग असलेल्या मुलांची तपासणी कधी व किती वेळा करावी, हे तज्ज्ञांना विचारून ठरवावे.

निदान झाल्यास घाबरून जाण्याचे कारण नाही. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेथेच भाभा अणुसंशोधन केंद्राचे १९६३ मध्ये सुरू झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर असून किरणोत्सारी आयोडीनचे उपचार तेथे होतात. लक्षण नसलेल्या मुलाला केवळ ‘खात्रीसाठी’ सोनोग्राफीला नेऊ नये आणि गाठ दिसलेल्या मुलाला घरगुती लेपांवर महिनोन्‌महिने ठेवू नये. पालकांनी एवढी दोन पथ्ये पाळली, तरी बरेच साधेल.