वाढदिवसाला चीज-पनीरचा खाऊ: घरीच करा, बेतानं करा



लेकराचा वाढदिवस असो, बारसं असो की 14 एप्रिलची मिरवणूक आटोपून घरी आलेले पाहुणे असोत, नुसत्या पोह्यांवर आता मुलं खूश होत नाहीत. "आई, चीजचं काहीतरी कर ना," ही मागणी वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही येऊन पोहोचली आहे. मागणी तशी वाईट नाही. चीजमध्ये आणि पनीरमध्ये प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. वेफरच्या पुड्यात मीठ, तेल आणि हवा यांपलीकडे फारसं काही नसतं. अडचण वेगळीच आहे. आपले बरेच कार्यक्रम ऐन उन्हाळ्यात येतात, घरात फ्रीज असेलच असं नाही, आणि बाजारात पनीर म्हणून जे सुटं मिळतं ते दुधाचंच असेल याची खात्री नाही.

पाम तेल, दूध पावडर आणि स्टार्च वापरून पनीरसारख्या दिसणाऱ्या वड्या तयार होतात. कायद्यानं त्या पनीर म्हणून विकता येत नाहीत, पाकिटावर 'अॅनालॉग' लिहावं लागतं. पण सुट्या वडीला पाकीटच नसतं. घरी एक तपासणी करता येते. पनीरचा तुकडा पाण्यात उकळा, गार होऊ द्या आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. तो तुकडा नंतर फेकूनच द्यायचा. मात्र या तपासणीत तेलाची भेसळ कळत नाही. म्हणून आमचं मत सरळ आहे: पनीर घरीच करा.

एक लिटर दूध उकळा. गॅस बारीक करून दोन चमचे लिंबाचा रस थोड्या पाण्यात मिसळून हळूहळू घाला. आंबटपणामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि स्निग्धांश त्यात अडकून राहतो. हिरवट, नितळ पाणी वेगळं दिसलं की लगेच थांबा. त्यानंतरही रस घालत राहिलात तर पनीर आंबट आणि चिवट होतं. उकळून घेतलेल्या स्वच्छ कापडात गाळा, वरून पिण्याचं गार पाणी ओता, पिळा आणि अर्धा तास वजनाखाली ठेवा. साधारण 150 ते 200 ग्रॅम पनीर मिळतं, म्हशीच्या दुधाचं थोडं जास्त. खाली उरलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

आता टिक्की. हे पनीर कुस्करा. त्यात दोन उकडलेले बटाटे, भिजवून निथळलेले मूठभर पोहे, बारीक कांदा, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं आणि चवीपुरतं मीठ घालून मळा. पोहे ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे टिक्की तव्यावर फुटत नाही. ब्रेडचा चुरा विकत आणायची गरज पडत नाही. चपट्या टिक्क्या करून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल करा. लहान आकाराच्या बारा-चौदा होतात. तळायच्या भानगडीत पडू नका. तेल जास्त लागतं आणि लहानशा खोलीत मुलांच्या गर्दीत उकळती कढई ठेवणं बरं नाही.

चीजच हवं असेल तर ज्वारीच्या पुरीएवढ्या छोट्या भाकऱ्या थापा. एका बाजूनं कडक भाजून उलटा, वर कांदा, टोमॅटो, शिमला मिरची बारीक चिरून पसरा, किसलेलं चीज भुरभुरा आणि झाकण ठेवा. मंद आचेवर दोन मिनिटांत चीज वितळतं. पिझ्झा मागणारी मुलं हे आवडीनं खातात, आणि आजीलाही चावता येतं.

पण आजीच्या ताटात चीज बेतानंच वाढा. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये चवीसाठी मीठ असतंच, शिवाय ते नीट वितळावं म्हणून घातलेल्या क्षारांतूनही सोडियम येतं. दिवसभरात माणसानं पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 25 ग्रॅमच्या एका चीज वडीतच त्यातला चांगला वाटा जातो. घरात रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाराचं माणूस असेल तर त्याला मीठ कमी घातलेली पनीरची टिक्की द्या. चीज घातलेल्या पदार्थात वरून मीठ घालायचंच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला हा खाऊ देऊ नये, आणि अगदी लहान मुलांना चीजचे गोल, मोठे तुकडे न देता किसून द्यावं. घशात अडकू शकतात.

सगळ्यात जास्त काळजी वेळेची. गर्दीच्या घरी आपण सकाळीच सगळं करून झाकून ठेवतो, आणि तिथंच घात होतो. दूध, पनीर, उकडलेला बटाटा यांत जंतू उष्णतेनं झपाट्यानं वाढतात, आणि वास किंवा चव बदलायच्या आधीच पोट बिघडवतात. केलेला पदार्थ दोन तासांत संपवा; कडक उन्हाळ्यात तासाभरात. पनीर त्याच दिवशी करा, चीज संध्याकाळी लागेल तेव्हाच आणा. भाज्या चिरून ठेवा, भाकरीचं पीठ काढून ठेवा, पण टिक्कीचं मिश्रण पाहुणे येऊन बसल्यावरच मळा. घाई वाटत असेल तर तवा मुलांच्या मामाकडे द्या. लाटण्या-भाजण्याचं काम एकट्या आईनंच करावं असं कुठं लिहिलेलं नाही.