शंभरातले चाळीस

१९८३ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठातली चाळीसेक पोरं सिएटलहून सायकलवर निघाली आणि साडेनऊ आठवड्यांनी बॉस्टनला पोचली. अंतर ४,२५६ मैल, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ६,८५० किलोमीटर. भुकेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या ऑक्सफॅम अमेरिका या संस्थेसाठी त्यांनी ८०,००० डॉलर जमवले. मोहिमेचं नाव ‘राइड फॉर लाइफ’ आणि म्होरक्या डॅन पलोटा नावाचा बावीस वर्षांच्या आसपासचा मुलगा. या मुलाने पुढे अमेरिकेतला सर्वांत मोठा देणगी-सायकलीचा धंदा उभा केला, तो एका दिवसात बुडाला, आणि त्यावरून पेटलेलं भांडण अजून पुरतं विझलेलं नाही. माझा खरा जीव जडला आहे तो या भांडणावर.

त्याला कारण माझं गाव. बॉथेल सिएटलच्या ईशान्येला, समामिश नदीच्या काठी आहे. पश्चिमेकडून बर्क-गिलमन ट्रेल येते आणि इथून समामिश रिव्हर ट्रेल नदीच्या कडेने रेडमंडकडे जाते. बर्क आणि गिलमन यांनी १८८५ मध्ये काढलेल्या रेल्वे कंपनीचा हा जुना मार्ग. १९७१ मध्ये रेल्वेने तो सोडायचं ठरवलं, तेव्हा सप्टेंबरातल्या एका रविवारी लोक रुळांवरून चालत निघाले आणि इथे पायवाट-सायकलवाट करा म्हणाले. घरामागून परके लोक जाणार म्हणून काठावरच्या घरमालकांनी बराच आरडाओरडा केला. तरी १९७८ मध्ये वाट खुली झाली. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे ही वाट जवळजवळ सपाट आहे. नवख्या सायकलस्वारासाठी याहून मायाळू रस्ता सापडणार नाही.

म्हणून मे-जून उजाडला की आमच्याकडच्या मराठी घरांतले चाळिशीतले गृहस्थ या वाटेवर दिसू लागतात. चौघे मित्र जमतात आणि सिएटल ते पोर्टलंड या १९७९ पासून चालत आलेल्या दोनशे मैलांच्या राइडला नाव घालतात. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर निरोप येतो: अमुक आश्रमशाळेसाठी, तमुक रुग्णालयासाठी चालवतोय, सढळ हाताने द्या. गणपतीची वर्गणी मागणारी पोरं निदान दारात उभी राहायची, पावती फाडायची. इथे एक दुवा येतो, आपण कार्डाचा नंबर भरतो आणि मोकळे होतो. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीत वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत तेवढीच भर घालते, त्यामुळे पन्नासाचे शंभर होतात. कंपनीची ही देणगी मोहीम सुरू झाली तीही १९८३ मध्येच.

यात मला एक कोडं कायम छळत आलं आहे. घाम मित्राचा, पोटरीत गोळा मित्राच्या, मग पैसे मी का देतो? सायकल चालवल्याने आश्रमशाळेत एक वीटही चढत नाही. त्याने घरी बसून नुसते पैसे मागितले असते, तर मी ‘बघू’ म्हणून विषय टाळला असता.

याचं उत्तर आपल्याकडे फार आधी सापडलेलं होतं. महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी पायपीट करत, ती लोकांना दिसत असे आणि त्या पायांवर विश्वास ठेवून लोक देत. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभारला. टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला त्यातून काचेचा कारखाना निघाला. आमच्या उत्तरेला, सीमेपलीकडच्या पोर्ट कोक्विटलम गावात वाढलेल्या टेरी फॉक्सने १९८० मध्ये नेमकी हीच युक्ती केली. कर्करोगाने एक पाय गेलेला हा तरुण कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, आणि त्याचं मागणं होतं प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४० लाखांवर डॉलर जमले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतके. काळ्यांना टेरी ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता आणि टेरीला काळे. पण दोघांनाही कळलं होतं की मागणं लहान हवं आणि मागणाऱ्याचे कष्ट डोळ्यांना दिसायला हवेत.

आता पलोटाकडे वळू. १९८३ ची राइड ही मित्रांची राइड होती. पुढच्या दशकात एड्सने त्याच्या ओळखीपाळखीतली माणसं मरू लागली. १९९४ च्या सुमारास पंचवीस ते चव्वेचाळीस वयाच्या अमेरिकनांच्या मृत्यूचं पहिलं कारण एड्स होतं, आणि सरकारी यंत्रणा कूर्मगतीने हलत होती. त्या वर्षी पलोटाने सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी सात दिवसांची ‘कॅलिफोर्निया एड्स राइड’ काढली. त्यात ४७८ जण आले. प्रायोजक होता टँकरे हा जिनचा ब्रँड, म्हणजे दारूच्या पैशावर पुण्य. आपल्याकडे एवढ्यावरूनच दोन मोर्चे निघाले असते.

या राइडची खरी करामत मुक्कामात होती. ज्याने आयुष्यात बाजारापलीकडे सायकल नेली नाही असा माणूस सात दिवस रस्त्यावर टिकवायचा, तर संध्याकाळी त्याला गरम पाण्याची अंघोळ हवी, पोटभर जेवण हवं, कोरडा तंबू हवा, गुडघा चोळणारं कुणी हवं आणि तुटलेली चेन रात्रीतून बसवून देणारा मेकॅनिक हवा. त्यासाठी न्हाणीघरांचे ट्रक, फिरती स्वयंपाकघरं आणि तंबूंचं एक आख्खं गाव रोज उठून पुढच्या मुक्कामी जायचं. या परंपरेत निघताना एक रिकामी सायकल हाताने नेत. तिच्यावर कुणी बसत नसे, ती गेलेल्यांची. ती नेणारे बहुधा स्वतः एचआयव्हीबाधित असत. हे पाहिलेला माणूस पुढच्या वर्षी आणखी पाच जणांना घेऊन येतो, हे पलोटाने ओळखलं होतं. त्याने वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या, टीव्ही-रेडिओवर वेळ विकत घेतली, आणि स्तनाच्या कर्करोगासाठी तीन दिवसांच्या पदयात्राही काढल्या. नऊ वर्षांत या सगळ्या उपक्रमांत १ लाख ८२ हजार लोक उतरले आणि ५८ कोटी १० लाख डॉलर जमले, असा त्याचा हिशेब आहे.

मग कुणीतरी विचारलं, यातले संस्थांना किती मिळाले? उत्तर असं की शंभरातले चाळीस जाहिरात, माणसं आणि व्यवस्थेत जात. हा आकडा पलोटाने स्वतःच पुढे जाहीर व्याख्यानात सांगितला आहे. वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं. मरणाऱ्यांच्या नावाने गोळा केलेल्या पैशात तंबू आणि शॉवर? २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या ज्या संस्थांसाठी हे सगळं चालायचं, त्यांनीच त्याची साथ सोडून ‘एड्स लाइफसायकल’ ही स्वतःची राइड काढली. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. त्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोन प्रतिस्पर्धी राइड एकाच दिशेने, एकाच रोगासाठी निघाल्या. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते! पाठोपाठ पदयात्रांची मुख्य प्रायोजक कंपनीही बाजूला झाली. ऑगस्ट २००२ मध्ये पलोटाची कंपनी बंद पडली आणि साडेतीनशे माणसं एका दिवसात घरी गेली. तो सांगतो की स्तनाच्या कर्करोगासाठी मिळणारी निव्वळ रक्कम त्यानंतर एका वर्षात ८४ टक्क्यांनी घसरली.

२००८ मध्ये त्याने ‘अनचॅरिटेबल’ हे पुस्तक लिहून हिशेब चुकता केला. अमेरिकेत देणगीची नीती प्युरिटन धर्मवेड्यांनी घडवली, असं तो म्हणतो. नफा कमावणं हे पाप आणि दान हे त्या पापाचं प्रायश्चित्त. मग प्रायश्चित्तात खर्च, पगार, जाहिरात या गोष्टी आल्या की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. हे वाचताना मला प्युरिटन आठवले नाहीत, गाडगेबाबा आठवले. धर्मशाळा बांधाव्यात आणि स्वतः मात्र त्यांत राहू नये, अन्नछत्र चालवावं आणि आपली भाकरी बाहेर बसून खावी, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. संस्थेचा कार्यकर्ता स्कूटरऐवजी गाडीतून उतरला तर गाव कुजबुजतं, ते याच संस्कारातून. पण गाडगेबाबा एकच होते. त्यांच्या मापाने प्रत्येक हिशेबनिसाला मोजणं हा अन्याय आहे. आणि पैसा फंडाचंच बघा: गावोगाव फिरून एकेक पैसा गोळा करायचा म्हटला, तर सुरुवातीला पैशामागे पैशाहून जास्त खर्च होत असणार. टक्केवारीचा आग्रह धरला असता तर तळेगावची भट्टी पेटलीच नसती.

पुढे पलोटाच्या बाजूने एक कागद आला, तो मला या सगळ्या शोधात सर्वांत बोलका वाटतो. जून २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या देणगीदारांना सल्ला देणाऱ्या तीन संस्थांच्या प्रमुखांनी अमेरिकेच्या देणगीदारांना उघडं पत्र लिहिलं. संस्थेची परीक्षा व्यवस्थाखर्चाच्या टक्केवारीवरून करू नका, असा त्याचा मथितार्थ. गंमत अशी की ही टक्केवारी पाहायची सवय लोकांना लावण्यात अशा संस्थांचाच मोठा वाटा होता. सावकारानेच व्याज वाईट म्हणावं, तसला प्रकार.

भारतात आपल्या सरकारने मात्र नेमकी उलटी दिशा धरली. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतून प्रशासकीय खर्च करायची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यायचा, आणि एका संस्थेने तो दुसरीला द्यायचा नाही, असंही ठरलं. डॉक्टर-शिक्षकांचे पगार या खर्चात धरत नाहीत हे खरं. पण हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, वकील, प्रवास हे सगळं त्यातच येतं. गडचिरोलीत किंवा मेळघाटात प्रवासच तर जास्त लागतो! बॉथेलमधल्या चार मित्रांनी पोर्टलंडपर्यंत पेडल मारून जमवलेला डॉलर महाराष्ट्रात थेट पोचवायचा, तर तो या चाळणीतून जातो. पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्याची गंधवार्ता नसते.

इथे दोन मराठी सायकलयात्रा आठवणं भाग आहे, कारण टक्केवारीचा वाद त्यांच्यापुढे अपुरा पडतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ला उतरले. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरच्या अॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. वाळवंट, मग रॉकी पर्वत, मग कॅन्ससची न संपणारी सपाटी, आणि शेवटी पाय संपल्यावर अॅपलेशियनचे चढ. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत, रात्रंदिवस आळीपाळीने. दोघांच्या संघाला मुदत नऊ दिवसांची. महाजन बंधू ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पोचले. ही स्पर्धा पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. मोहिमेमागचा हेतू आदिवासींच्या दृष्टीसाठीचं काम हा होता. असली स्पर्धा स्वस्तात होत नाही: गाड्या, विमानाची तिकिटं, मदतनिसांची फौज. पण त्यातून नाशिकला जी सायकलची लाट आली आणि तो हेतू ज्यांच्या कानी गेला, त्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

दुसरी यात्रा बाबा आमट्यांची. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर काश्मीरकडे निघाले. अंतर पाच हजार किलोमीटरांवर. सत्तरी गाठलेले बाबा पाठीच्या दुखण्यामुळे गाडीत आडवे पडून सोबत. पंजाब धुमसत होता, दिल्लीच्या दंगलींना जेमतेम वर्ष झालं होतं. ‘भारत जोडो’ला कशासाठीही निधी जमवायचा नव्हता. दान माणसाला मोडतं आणि काम उभं करतं, असं मानणाऱ्या माणसाकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. टीकाकारांच्या फुटपट्टीने पाहिलं तर या यात्रेचा व्यवस्थाखर्च शंभर टक्के आणि लाभार्थीला पोचलेली रक्कम शून्य. आणि तरीही ती वाया गेली असं म्हणायला कुणाची जीभ धजावणार नाही. कारण तिथे सायकल चालवणं हेच काम होतं.

पलोटा इथेच निम्मा बरोबर आहे. तंबूतल्या त्या सात रात्रींनी एड्सभोवतीची लाज जितकी धुऊन काढली, तितकी कोणत्याही धनादेशाने काढली नसती. पण उरलेला निम्मा तो चुकला. खर्च झाला यात त्याचा दोष नाही. देणाऱ्याच्याच डॉलरमधून तो कापला गेला, तिथे बिघडलं. ज्या मावशीने पुतण्याकडे पाहून शंभर डॉलर दिले, तिच्या मनात शंभरच्या शंभर रुग्णालयात गेले होते.

यावर तोड त्याच्याही आधी निघाली होती. १९८० मध्ये बिली स्टार या बॉस्टनच्या तरुणाने, आई कर्करोगाने गेल्यावर, मॅसॅच्युसेट्समध्ये छत्तीस सायकलस्वार जमवले आणि १०,२०० डॉलर उभे केले. ती ‘पॅन-मास चॅलेंज’ आज एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. २००७ पासून तिथे सायकलस्वाराने आणलेला सगळा पैसा संशोधनाला जातो. राइडचा खर्च प्रवेशशुल्क आणि प्रायोजक उचलतात. सिएटलच्या फ्रेड हच कर्करोग संस्थेची ‘ऑब्लिटेराइड’ २०१३ मध्ये निघाली, तिनेही हीच रीत उचलली. खर्च कमी झाला नाही, थैल्या वेगळ्या झाल्या. या दोन थैल्या नसल्या तर मोठ्या राइडचं काय होतं, तेही दिसलंच: पलोटाशी काडीमोड घेऊन काटकसरीच्या नावाने निघालेली ‘एड्स लाइफसायकल’ही वाढता खर्च आणि घटते सायकलस्वार यांपुढे टेकली आणि जून २०२५ मध्ये शेवटची धावली.

तेव्हा व्हॉट्सअॅपवर पुढचा निरोप आला की संस्थेची टक्केवारी विचारू नका. विचारायचं ते असं: जेवण, मुक्काम, टायर-ट्यूब कुणाच्या खिशातून? मित्र म्हणाला, ‘आमच्या’, तर बिनधास्त द्या. म्हणाला, ‘शंभरातले चाळीस व्यवस्थेत जातात आणि त्यातून पुढच्या वर्षी दुप्पट माणसं येतात’, तरी मी देईन, कारण त्याने आधी सांगितलं. प्रश्न विचारल्यावर जो आपल्या गुडघ्याच्या कळा सांगू लागतो, त्याला मात्र फार तर इलेक्ट्रॉलची दोन पाकिटं द्यावीत आणि वाट मोकळी करून द्यावी.