शेतातील जुन्या प्लॅस्टिकचा पुनरुपयोग

मराठवाड्याच्या शेतीत प्लॅस्टिकने आता कायमचे स्थान मिळविले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट या भागात कोणीही विसरलेले नाही. अशा प्रदेशात ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचे अस्तर व मल्चिंग पेपर यांनी होणारी पाण्याची बचत मोलाची आहे. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या केळीच्या बागा काय किंवा लातूरकडील ऊस काय, ठिबकचा उपयोग सर्वांनाच होतो. परंतु उन्हाने व उंदीर-खारींच्या उपद्रवाने नळ्या निकामी होतात, मल्चिंग पेपर फाटतो. मग या वस्तू बांधावर पडून राहतात किंवा पाचटाबरोबर जाळल्या जातात. हे दोन्ही मार्ग हानिकारक आहेत.

प्लॅस्टिक कुजत का नाही ?

प्लॅस्टिक म्हणजे एकाच प्रकारचे लहान रेणू हजारोंच्या संख्येने मण्यांसारखे ओवून तयार झालेली साखळी होय. कापसाचा तंतूही अशीच साखळी आहे. मात्र ती तोडण्याची कला मातीतील सूक्ष्म जंतूंना अवगत आहे, म्हणून कापूस कुजतो. पॉलिथिलीनची साखळी त्यांना सहजासहजी तोडता येत नाही. उन्हाने तिचे तुकडे होतात, पण ते तुकडेही प्लॅस्टिकच असतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या म्हणजे ते आत जातात आणि पुढे वेचून काढणे अशक्य होते.

पुनरुपयोगाचे दोन मार्ग

पहिला मार्ग वितळविण्याचा. स्वच्छ व एकाच जातीचे प्लॅस्टिक धुऊन, बारीक करून, वितळवून त्याचे दाणे करतात व त्यांपासून पुन्हा वस्तू बनवितात. जेथे हे शक्य असेल तेथे हाच मार्ग सोपा व कमी खर्चाचा होय.

दुसरा मार्ग रासायनिक विघटनाचा. मळलेले किंवा वितळवून नीट उपयोगी न पडणारे प्लॅस्टिक यात उपयोगात आणता येते. लाकडाचा कोळसा पाडणारे भट्टी मातीने लिंपून हवा कोंडतात, हे आपण पाहिले असेल. त्याच तत्त्वावर पॉलिथिलीन बंद पात्रात, हवेतील प्राणवायू लागू न देता, सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता त्याच्या साखळ्या तुटतात. निघालेली वाफ थंड केली की तेल मिळते. काही भाग वायुरूपाने निघतो व थोडा काजळीसारखा अवशेष उरतो. पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन या संस्थेने शहरातील घरांतून गोळा केलेल्या प्लॅस्टिकपासून अशा रीतीने इंधन-तेल काढले आहे.

पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकला पेट म्हणतात. ते ग्लायकॉल या द्रवाबरोबर तापविले असता त्याचे मूळ घटक वेगळे होतात. ते शुद्ध करून पुन्हा बाटली किंवा धागा बनविता येतो. नायलॉन-६ पासूनही त्याचा मूळ घटक कॅप्रोलॅक्टम परत मिळविता येतो.

मिसळ झाली की काम बिघडते

येथे एक अडचण आहे. ठिबकच्या लहान नळ्या पॉलिथिलीनच्या असतात, तर जमिनीत पुरलेल्या मुख्य नळ्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. ते तापले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती यंत्र खाते व तेलही खराब करते. मातीने वजन वाढते, पण तेल वाढत नाही. म्हणून पुनरुपयोगाचे निम्मे काम कारखान्यात नव्हे, तर शेताच्या बांधावर होते असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

निवड कशी करावी ?

जात ओळखण्यासाठी बादलीभर पाणी पुरे. नळीचा लहान तुकडा कापून, धुऊन पाण्यात बुडवावा व त्यात अडकलेली हवा काढावी. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात. पीव्हीसी, पेट व नायलॉन बुडतात. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, पीव्हीसीच्या नळ्या व बाटल्या यांचे वेगवेगळे ढीग करावेत. मल्चिंग पेपर जमीन वाफशावर असताना, तुकडे होण्यापूर्वीच गुंडाळून काढावा व झटकून वाळवावा.

कीटकनाशकांचे डबे या ढिगांत मुळीच मिसळू नयेत. ते तीन वेळा विसळावेत, विसळलेले पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे आणि पुन्हा वापर होऊ नये म्हणून डब्याला भोके पाडून तो निराळा ठेवावा.

काय करू नये ?

प्लॅस्टिक जाळू नये. पीव्हीसीच्या धुरात आम्लाबरोबर डायॉक्सिनसारखी विषेही असतात. घरी पिंपात प्लॅस्टिक तापवून तेल काढण्याचा प्रयोगही कोणी करू नये. त्या वाफेचा भडका उडतो. देवणी व लाल कंधारी ही आपल्या भागाची भूषणे होत. चाऱ्याबरोबर पोटात गेलेले प्लॅस्टिक त्यांना पचत नाही व बाहेरही पडत नाही. ते साठत जाऊन जनावर दगावते.

एका शेतकऱ्याच्या दोन-चार वेटोळ्यांसाठी भंगारवाला किंवा कारखान्याची गाडी येत नाही. साऱ्या गावाचा माल एकत्र असेल तर येते. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये गावातील असा कचरा वेगळा करून गोळा करण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही आहे. तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक कोरडी, आडोशाची जागा ठरवून द्यावी, हंगाम संपताच गोळा करण्याचा दिवस जाहीर करावा आणि पाण्याची परीक्षा शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी. ज्या वस्तूने आपले पाणी वाचविले, तिने आपली जमीन बिघडवू नये, एवढी दक्षता घेणे आपल्याच हाती आहे.