गाणे हवे, शेवट नको

भुताखेतांचा सिनेमा हा वसंत व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, असे आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले. आम्ही बिडी कामगारांत वावरणारी माणसे. मजुरी, नापास म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची छाट, भविष्य निर्वाह निधी हे आमचे नेहमीचे विषय. शाळा आमची लवकर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील कंदिलाखाली आणि मोर्च्यांच्या प्रवासात. तथापि एक गोष्ट आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. सभेत वक्ता काय बोलला यापेक्षा लोक कोठे हसले आणि कोठे गप्प झाले, याची नोंद ठेवावी. गावाचे मन तेथे कळते. सिनेमागृह हीदेखील एक सभाच होय. म्हणून हा विषय.

एप्रिल २०२५ मध्ये ‘सिनर्स’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. सिनर्स म्हणजे पापी माणसे. आम्ही तो नागपुरास जाऊन पाहिला. कथा १९३२ सालची, मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल या गावची. मुलूख कापसाचा. गुलामगिरी तेथे १८६५ साली कायद्याने संपली होती. पण जमीन गोऱ्या मालकाची, बियाणे त्याच्या उधारीचे, हिशेबाची वही त्याच्या घरी, आणि बटईने राबणारे कुटुंब काळ्या माणसाचे. अशा गावी दोघे जुळे कृष्णवर्णीय भाऊ शिकागोहून पैसा घेऊन परत येतात, एका गोऱ्याकडून जुनी लाकूडगिरणी रोख विकत घेतात आणि आपल्या लोकांसाठी नाचगाण्याचा अड्डा उघडतात. गिऱ्हाईक भरपूर येते. पण काहींच्या हातांतले पैसे सरकारी नाहीत. ते मळ्याचे, मळेवाल्याच्या दुकानापुरतेच चालणारे. ठेकेदाराच्याच दुकानातून किराणा उचलायचा आणि तो आठवड्याच्या मजुरीतून कापून घ्यायचा, हे आमच्या बालपणी आम्ही घरीच पाहिले असल्यामुळे तो प्रसंग आम्हांस कोणी समजावून सांगावा लागला नाही.

त्या अड्ड्यावर भावांचा एक चुलतभाऊ, पाद्र्याचा पोरगा, गिटार वाजवून गातो. गाणे ब्लूज या जातीचे. शेतात राबताना घातलेली साद, देवळातील भजन आणि घरातले दुःख यांतून उपजलेले हे संगीत. आजच्या पाश्चात्त्य सुगम संगीताचा बराचसा पसारा त्याच मुळावर वाढला आहे. तो पोरगा गाऊ लागतो तेव्हा आफ्रिकेतील पूर्वज ढोल घेऊन त्याच्याभोवती येतात आणि अजून न जन्मलेले नातूपणतू आपापली वाद्ये घेऊन नाचतात. हे सर्व एकाच छपराखाली दिसते. नागपूरच्या त्या खेळात येथे शिट्टी वाजली आणि लगेच विरली. आपण काय पाहत आहोत हे सर्वांना उमगले असावे.

त्यानंतर दारात रक्तपिपासू पिशाचे येतात. त्यांना रक्त हवेच आहे, पण त्यांच्या म्होरक्याला त्याहून अधिक हवे आहे ते त्या पोराचे गाणे. तो गोड बोलतो, सर्वांना समान करण्याचे आश्वासन देतो. मात्र आतून कोणी ‘या’ म्हटल्यावाचून त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. रात्रभर झुंज होते आणि सूर्य उगवतो. थिएटरात आमच्यापुढची काही मंडळी भुते संपली म्हणून चपला शोधू लागली. वास्तविक चित्रपटाचा खरा अर्थ येथेच आहे. ज्या गोऱ्याने गिरणी विकली तो कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशती टोळीचा होता. पैसे मोजून घेतानाच, सकाळी बंदुका घेऊन येऊन सर्वांना ठार करायचे, असे त्याने ठरवून ठेवलेले होते. रात्रीच्या पिशाचाला निमंत्रण लागत होते. सकाळच्या माणसाला ते लागत नव्हते. भुते आली नसती तरी मरण येणारच होते. ज्यांनी चपला शोधल्या त्यांना आम्ही दोष देत नाही. भय म्हणजे काय, याची त्यांची समजूत वेगळी होती, इतकेच.

आता त्या गावच्या प्रेक्षकांचे ऐका. ज्या क्लार्क्सडेलची ही कथा, तेथे एकही सिनेमागृह चालू नव्हते, आणि चित्रीकरणही शेजारच्या लुइझियाना राज्यात झालेले. आमची गोष्ट जगाने पाहिली, आम्ही मात्र पाहू शकत नाही, असे म्हणून गावकऱ्यांनी दिग्दर्शक रायन कूगलर यांना जाहीर विनंती केली. मे २०२५ च्या अखेरीस गावातल्या सभागृहात खेळ लागले आणि कूगलर स्वतः तेथे गेले. लोकांनी आपला इतिहास आपल्या गावी, आपल्या माणसांत बसून पाहण्याचा हक्क मागितला, ही आम्हांस त्या चित्रपटाच्या उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा मोठी बातमी वाटते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे झाले. आपल्या भंडाऱ्याचे काय, असे श्रोते विचारतील. आमचे उत्तर असे की, आपणही हा चित्रपट पाहिला आहे, फक्त त्यात भुते नव्हती. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी लागला. अजय-अतुल यांच्या संगीताने महाराष्ट्र वेडा झाला. ‘झिंगाट’ सुरू झाले की पोरे खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत. आम्ही ते आमच्या डोळ्यांनी पाहिले, आणि खोटे कशाला सांगा, आमचाही पाय हलला. मग शेवट येतो. हैदराबादेत संसार थाटलेल्या आर्चीच्या दारात तिचा भाऊ माहेरची भेट घेऊन येतो. ती त्याला आत बोलावते, चहा ठेवते. येथेही उंबरठा निमंत्रणानेच ओलांडला जातो! थोड्या वेळाने शेजारणीकडून परतलेले त्यांचे लहान लेकरू रक्तातून चालत बाहेर येते आणि पडद्यावरचा आवाज पूर्ण बंद होतो. दोन तास ज्या संगीतावर लोक नाचले, ते संगीत काढून घेतले जाते.

त्या दिवशी आमच्यासोबत बिडी वळणाऱ्या काही बाया होत्या. जिना उतरेपर्यंत कोणी बोलले नाही. खाली आल्यावर एकजण एवढेच म्हणाली, “त्या लेकराचा आता का होईल जी?” नाचणाऱ्या पोरांपैकी कोणीही आमच्या नजरेला नजर दिली नाही. या शांततेला आपल्या जिल्ह्यात नाव आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावातील जमावाने ठार मारले. त्याला तेव्हा दहा वर्षेही झालेली नव्हती. न्यायालयांनी खुनाबद्दल शिक्षा दिल्या. जातीच्या कारणाने केलेला अत्याचार म्हणून तो गुन्हा सिद्ध झाला, असे मात्र मानले नाही. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला तो शेवट धक्का वाटला असेल. भंडाऱ्याच्या प्रेक्षकाला तो आठवण वाटला. एकच चित्र दोन गावी दोन प्रकारे भिववते, याचे कारण पडद्यावर शोधून सापडणार नाही.

मंजुळे यांच्याच ‘फँड्री’ची गोष्ट आम्हांस अधिक लागते. तो थिएटरात २०१४ साली आला. कैकाडी घरचा जब्या, त्याची शाळा, आणि शाळेशेजारीच कुटुंबाला करावे लागणारे डुकरे धरण्याचे काम. डुक्कर निसटते, माणसे धडपडतात आणि प्रेक्षक हसतात. आम्हीही हसलो. तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. पडद्यावरची टवाळ पोरेही आमच्यासारखीच हसत असतात, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट पडद्याबाहेर, आमच्यावर भिरकावतो. आयुष्यभर कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला आपण त्या क्षणी कोणत्या बाजूला बसलो होतो हे कळावे, आणि तेही एका पोराच्या दगडाने! त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. भयपट कशाला म्हणावे हे तेव्हा आम्हांस समजले.

या दोन मुलुखांची सांगड आम्ही ओढूनताणून घालीत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली तेथील विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य कळविले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तेथल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. पुस्तकांनी, पत्रांनी आणि संघटनांनी हा रस्ता आधीच पाडून ठेवला आहे. सिनेमा त्यावरून आता चालू लागला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ‘सैराट’नंतर दहा वर्षे लोटली, तरी आपल्याकडच्या वरातींत ‘झिंगाट’ वाजतेच आहे. जी लग्ने जात पाहून, पत्रिका जुळवून लागतात त्यांतही ते वाजते. समाजाने गाणे घेतले आणि शेवट थिएटरातच ठेवून दिला. हलगी दारात हवी, हलगीवाला पंगतीत नको, ही जुनीच रीत. उंबरठ्यावरचे पिशाच दुसरे काय मागत होते? कूगलर यांनी मात्र निर्मात्या कंपनीशी करार करतानाच पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी आपल्याकडे यावी असे लिहून घेतले. गाणाऱ्याचे गाणे शेवटी गाणाऱ्याकडे परतावे, ही अट कोणत्याही कामगाराला लगेच समजेल.

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आमचा हिशेब मांडतो. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत खडी गंमत आणि दंडार करणारे कलावंत आपल्या गावोगावी रात्ररात्र गातात. युनियनच्या सभेला गर्दी जमावी म्हणून आम्ही अशा शाहिरांना आजवर अनेकदा आधी उभे केले. लोक जमले की, “आता आटोपते घ्या, पुढारी आले” अशी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. मानधनाचे पाकीट सर्वांत शेवटी आणि पुष्कळदा अर्धे दिले. एका म्हाताऱ्या शाहिराने ते पाकीट मोजले नाही. हसून खिशात घातले आणि डफ पाठीला लावून शेवटची एसटी गाठायला निघाला. त्याला जेवलास काय, असेही आम्ही विचारले नव्हते.

गेल्या वर्षापासून आमच्या कचेरीत एक नियम केला आहे. शाहिराचे पाकीट सभेपूर्वी, पूर्ण. त्याचे गाणे त्याला वाटेल तेथे संपेल. आणि पुढारी थांबतील. नियम लहान आहे. परंतु चिठ्ठी न देता पहिल्यांदा गाणे शेवटपर्यंत ऐकले, तेव्हा शेवटच्या कडव्यात त्याने आमच्याच युनियनचे नाव घेऊन आम्हांला चार खडे बोल सुनावले. सभा खळखळून हसली. आम्ही मान खाली घालून ऐकून घेतले, आणि मग भाषणाला उभे राहिलो.