'चाऊट' : एका अप्रचलित इंग्रजी शब्दाचे मूळ

इंग्रजांच्या हिंदुस्थानविषयक जुन्या लेखनात 'चाऊट' हा शब्द आढळतो. इंग्रजी व्यवहारातून तो आज लोपला असून केवळ मोठ्या कोशांत उरला आहे. हा शब्द म्हणजे आपलाच 'चौथ' होय. संस्कृत 'चतुर्थ', प्राकृत 'चउत्थ', मराठी 'चौथ' अशी त्याची परंपरा सरळ आहे. इंग्रजीत आपला 'थ' नाही. त्याच्या जागी 'ट' आला.

मूळ शब्दाचा अर्थ 'चौथा हिस्सा' एवढाच आहे. परंतु यूल व बर्नेल यांच्या 1886 मधील 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात, मुलूख न लुटण्याबद्दल मराठ्यांनी उकळलेली रक्कम असा अर्थ देऊन 'ब्लॅकमेल' हा पर्याय योजला आहे. येथे संख्यावाचक शब्दाचे रूपांतर दूषणात झाले.

'ब्लॅकमेल'चा इतिहासही असाच आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील दांडग्या टोळीप्रमुखांना शेतकरी संरक्षणार्थ जो कर देत, त्यास हे नाव होते. त्यातील 'मेल' म्हणजे खंड किंवा सारा. त्याचे मूळ 'बोलणे, करार' या अर्थाच्या प्राचीन नॉर्स शब्दात आहे. म्हणजे तेथेही मूळ पद निर्दोष असून काळिमा विशेषणाने आणला.

चौथाईस कराराचे अंग होते. दमण परिसरात पोर्तुगीज शिवपूर्वकाळीच रामनगरच्या राजास चौथ देत. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या. चौथाईच्या मोबदल्यात शाहूने बादशहाच्या चाकरीस 15,000 घोडदळ ठेवावयाचे होते. या सहांपैकी वऱ्हाड सुभ्यात, आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी हे एका सरकारचे ठाणे होते. वसुलाची वाटणीही ठरलेली असे : चौथाईचा चतुर्थांश राजबाबती, शेकडा 6 साहोत्रा, शेकडा 3 नाडगौडा, उर्वरित मोकासा.

तथापि सनद हे सर्व सत्य नव्हे. 1742 पासून बंगालच्या रयतेने बारगिरांची जी लूट सोसली, तीही चौथाईच्याच नावाने झाली. सनदेतील चौथ हा हक्क होता. रयतेच्या अनुभवात तो पुष्कळदा जुलूम होता. म्हणून अभ्यासकाने कोशातील प्रतिशब्दास व्याख्या समजू नये. शब्द कोणी, कोठे व कोणाविषयी वापरला, हे पाहूनच त्याचा अर्थ ठरवावा.