न थांबणारे पायडल

कराडला कृष्णा आणि कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात. त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. सायकलवरून नदीकडे जाताना उतार लागला, की तुम्ही पाय स्थिर ठेवता. तरीही चाके फिरत राहतात आणि मागून कटकट असा आवाज येतो. तो कशाचा?

मागच्या चाकाला फ्रीव्हील बसवलेले असते. त्यात लहान खिट्ट्या असतात. पायडल मारले, की त्या दात्यांत अडकतात आणि चाक फिरते. पाय थांबले, की त्या दात्यांवरून घसरतात. हाच तो आवाज!

फिक्स्ड गिअर सायकलीला फ्रीव्हील नसते. तिची मागची दातेरी चकती चाकाला पक्की जोडलेली असते. म्हणून चाक फिरते तोपर्यंत पायडलही फिरते. पायांनी उलटा जोर दिला, की वेग कमी होतो. गोल धावपट्टीवरील शर्यतींत अशाच सायकली असतात. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात अशी धावपट्टी आहे.

चकती सुटू नये म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांचे कडे घट्ट बसवतात. साखळी मध्यभागी बोटाने दाबली असता सुमारे 1 सेंटिमीटर हलावी. ती सैल असेल, तर मागचे चाक थोडे मागे ओढून दोन्ही नट पान्याने आवळावेत. सैल साखळी चालताना उतरली, तर चाक एकदम अडकू शकते.

आता थोडे गणित करू. पुढे 48 आणि मागे 16 दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाकाच्या 3 फेऱ्या होतात. 28 इंची चाक एका फेरीत सुमारे 2.2 मीटर जाते. म्हणजे सायकल 6.6 मीटर पुढे जाते. उतारावर ताशी 30 किलोमीटर वेग आला, तर पाय मिनिटाला सुमारे 75 वेळा फिरवावे लागतात! पाय निसटला, तर फिरते पायडल पोटरीवर आदळते.

म्हणून रस्त्यावर अशी सायकल चालवायची असेल, तर तिला ब्रेक हवाच. आधी मोकळ्या, सपाट मैदानात सराव करा. वळणावर वेग कमी ठेवा, नाहीतर खाली आलेले पायडल जमिनीला घासेल. बुटाची नाडी, शलवार किंवा ओढणी साखळीपासून दूर ठेवा. कपडा अडकला, तरी ही साखळी लगेच थांबत नाही.

आज घरी सायकलचे मागचे चाक उचलून पायडल फिरवा आणि थांबवा. चाक फिरत राहिले का? मग फ्रीव्हील आपले काम चोख करत आहे.