सामना मेलबर्नला, शेंगा भालकीत

मॅच बघताना काय खायचं, याला एकच नियम पुरे: ताटाकडे बघावं लागलं की पदार्थ बाद. काट्याचा मासा बाद, मटणाची नळी बाद, पावभाजी तर रिमोटची वैरीण. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या बीदर-कलबुर्गीच्या मराठी पट्ट्यात नियमात बसणारं खाणं थेट शेतातूनच येतं. आणि गंमत म्हणजे शिवाराचं कॅलेंडर क्रिकेटच्या कॅलेंडरशी बरोबर जुळतं.

डिसेंबर उजाडला की बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. मिठाच्या पाण्यात उकडायच्या, चाळणीत निथळायच्या आणि परात मधे ठेवून सगळ्यांनी वेढा घालायचा. शेंग दातात धरून ओढली की दाणे तोंडात, साल हातात. नजर पडद्यावरून हलत नाही. जपानी माणूस बेसबॉल बघताना नेमकं हेच करतो, फक्त त्याच्या हातात सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा असतात, ज्यांना तो एदामामे म्हणतो. आता विनोद बघा. बीदर हा कर्नाटकातला सोयाबीनचा मोठा जिल्हा. शिवारच्या शिवार सोयाबीनचं, पण त्याची कोवळी शेंग उकडून खावी असं इथे कुणाच्या डोक्यात येत नाही. सगळा माल वाळवून, पोत्यात भरून थेट अडतीला. तुरीच्या बाबतीत मात्र कलबुर्गीचं नाक वर, आणि ते का नसावं? तिथल्या तूरडाळीला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालंय.

मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी सुरू होते 26 डिसेंबरला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पाच, बाहेर कडाक्याची थंडी, आणि शेतात हुरड्याची कणसं भरत आलेली. याच दिवसांत मार्गशीर्ष अमावस्या येते, म्हणजे आपली वेळा अमावस्या, बोलीत येळवस. लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी गावं ओस आणि रानं माणसांनी भरलेली. 2024 मध्ये येळवस आली 30 डिसेंबरला, आणि त्याच दिवशी मेलबर्न कसोटीचा पाचवा दिवस! चहापर्यंत भारताचे तीनच गडी बाद होते. मग पंत गेला, आणि शेवटच्या सात विकेट 34 धावांत पडल्या. जैस्वाल 84 वर, आवाज टिपणाऱ्या स्निकोची रेघ सपाट असताना बाद दिला गेला. सगळा संघ 155, हार 184 धावांनी. हे सगळं बाराच्या सुमारास आटोपलं, म्हणजे रानात कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसायच्या बेताला.

त्या पंगतीतली भज्जी मात्र आपल्या नियमात अजिबात बसत नाही. तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, सोबत मेथी-पातीसारख्या भाज्या, चिंच आणि बेसन लावून केलेला तो घट्ट रटरटता प्रकार. बाजरीच्या उंड्याबरोबर दोन्ही हात बरबटेपर्यंत खायचा, वर मातीच्या मडक्यातली ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील प्यायची. कसोटीत जेवणाची सुट्टी 40 मिनिटांची आणि चहाची 20. भज्जीचं जेवण 40 मिनिटांत उरकणारा माणूस येळवशीला बोलवायच्या लायकीचा नाही.

सकाळची मॅच असेल तर सुशीला. चुरमुरे पाण्यात भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची खमंग फोडणी द्यायची, वरून डाळव्याची पूड भुरभुरायची. कलबुर्गीत नाश्त्याला ही सुशीला आणि बाजूला मिरची भजं, एवढं मिळालं की माणूस खुश. पण निवली की तिचा गोळा होतो. म्हणून ती पहिल्या पाच-सहा षटकांतच संपवावी.

कडक भाकरी-शेंगाचटणीची जोडी चवीला अव्वल, पण तिचा कुरकुराट इतका की शेजारच्याला कॉमेंट्री ऐकू येत नाही. अटीतटीच्या सामन्यात देऊ नये.

आयपीएलची गोष्ट वेगळी. तेव्हा उन्हाळा तापलेला, हुरडा-शेंगा संपलेल्या, राज्य गारव्याचं आणि तळणाचं. आणि घरात दोन तट! बीदरहून हैदराबाद जेमतेम दीडशे किलोमीटर, राजधानी बेंगळुरू सातशेच्या घरात. 1956 पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे अंतर नुसतं रस्त्याचं नाही. 2009 च्या अंतिम सामन्यात हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सनी बेंगळुरूला 6 धावांनी हरवलं, 2016 मध्ये सनरायझर्सनी 8 धावांनी. शेवटी 3 जून 2025 ला बेंगळुरूने पंजाबला हरवून पहिला चषक उचलला, तोही 6 धावांनीच. कलबुर्गीकरांनी मात्र एवढी वाट बघितली नाही. महाराजा ट्रॉफी टी-ट्वेंटीचा 2022 चा चषक गुलबर्गा मिस्टिक्सने पहिल्याच वर्षी जिंकला. शहराचं नाव 2014 मध्येच कलबुर्गी झालं होतं, संघ गुलबर्गाच राहिला.

आयपीएलमधला टाइमआउट अडीच मिनिटांचा. तेवढ्यात मिरची भज्याचा घाणा काही निघत नाही. तेव्हा तेल आधीच तापवून ठेवा आणि भजी डाव बदलताना सोडा. स्वयंपाकघरात उभं राहणारीलाही शेवटची षटकं बघायची असतात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून इथला खेळ म्हणजे जत्रेतली कुस्ती, आणि तिथे खाऊ थेट बक्षीसच. फडाची सुरुवात पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते, मग नारळाच्या, मग रोख रकमेच्या, आणि शेवटी मानाची कुस्ती. विम्बल्डनला प्रेक्षक स्ट्रॉबेरी आणि साय खातात, पण तिथल्या खेळाडूला कुणी स्ट्रॉबेरी देऊन घरी पाठवत नाही. आपल्याकडे आठ वर्षांचा गडी लाल मातीने माखून, मुठीत रेवड्या घट्ट धरून फडाबाहेर येतो आणि दोस्तांना एकेक मोजून देतो.

फडावर बघायला जाणार असाल तर भेळ घेऊ नका. हलगीचा ठेका चढला की कुस्ती डोळ्याची पापणी लवायच्या आत चितपट होते, आणि भेळेतली कैरी शोधणारा हमखास विचारतो, "कोण पडलं?" फुटाणे घ्या, खिशात ठेवा, आणि मान खाली घालू नका.